टॉर्टॉइज स्विच मशीन: सांधा अडतो तेव्हा कासव क्वचितच दोषी असते

मॉडेल रेल्वेत रूळ दोन मार्गांत फुटतात तिथला सांधा बदलणारे सर्किट्रॉन कंपनीचे हिरवे टॉर्टॉइज (म्हणजे कासव) मशीन ज्यांच्या लेआउटखाली, म्हणजे रूळ मांडलेल्या बोर्डाखाली, बसले आहे, त्यांची तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते: ‘कालपर्यंत चालत होतं, आज एकाच बाजूला जातं.’ मग मशीन गेले असे समजून परदेशातून नवे मागवले जाते, काही आठवडे यार्डाचा एक मार्ग बंद राहतो, आणि नवे मशीन त्याच तारांना जोडल्यावर तेही एकाच बाजूला जाते. कारण बिघाड मशीनमध्ये नव्हताच. तो सांधे बदलायच्या पॅनेलवरच्या पाच रुपयांच्या एलईडीत होता.

हे परीक्षण त्या मशीनचे आहे, पण त्याहून जास्त त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींचे. टॉर्टॉइज स्वतः टिकाऊ आहे आणि कंपनी त्यावर नऊ वर्षांची वॉरंटी देते. सांध्याला ढकलणारी सोबतची ताठ तार, मशीनच्या आतले विजेचे संपर्क आणि आपली जोडणी मात्र तितकी भरवशाची नसते.

काम साधे आहे. सांध्याच्या जिभा, म्हणजे रुळांचे सरकते निमुळते तुकडे, या रुळाकडून त्या रुळाकडे सरकवायच्या आणि तिथे दाबून धरायच्या. आत छोटी डीसी मोटर आणि दातेरी चाकांची साखळी. एका बाजूकडून दुसरीकडे जायला साधारण तीन सेकंद. शेवटाला पोचल्यावर मोटर अडून उभी राहते, वीज चालूच राहते, आणि त्या अवस्थेत १२ व्होल्टवर ती फक्त १६ मिलिअँपियर घेते. म्हणून ती तापत नाही, जळत नाही, दिवसभर चालू ठेवली तरी चालते. विजेच्या एका धक्क्याने सांधा फेकणाऱ्या कॉइलवाल्या मोटरीचा ‘खाट्’ असा झटका इथे नाही. कोथरूडच्या जोशी संग्रहालयात लहान रेल्वे पाहून छंद जडलेल्या माणसाला जिभा हळूच सरकताना पाहण्याचे सुख काय असते, ते वेगळे सांगायला नको. आवाज मात्र होतो. मशीन थेट प्लायवूडला कसले की प्लायवूड ढोलकीसारखे घुमते. व्होल्टेज १२ वरून ९ वर आणले की वेग आणि आवाज दोन्ही उतरतात, आणि एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या सांध्याला तेवढा जोर पुरतो.

आता त्या १६ मिलिअँपियरकडे नीट पाहा, कारण बिघाड शोधण्याची निम्मी विद्या तिथेच आहे.

मोटर फिरत असते तेव्हा ती याच्या चौथाईच्या आसपास वीज घेते. अडली की १६. म्हणजे मल्टिमीटर मिलिअँपियरवर ठेवून मोटरच्या एका तारेत मालिकेत जोडला, तर बोर्डाखाली न वाकता मशीनची तब्येत कळते. स्विच फिरवल्यावर आकडा तीन सेकंद तीन-चारच्या आसपास राहून मग १६ वर चढला, तर सगळे ठीक. लगेच १६ वर गेला, तर मशीन जागेवरच अडले आहे: तार, थ्रो-बार (दोन्ही जिभा जोडणारी सरकती पट्टी) किंवा रुळातला खडा. मधेच, दीड सेकंदाला १६ झाला, तर अर्ध्या वाटेत काहीतरी आडवे आले आहे. शून्यच दाखवत असेल, तर सर्किट तुटलेले आहे आणि मशीनला हात लावण्याचे कारण नाही. तीन-चारवरच राहून कधी चढलाच नाही, तर मोटर फिरते आहे पण चाकांची साखळी कुठेतरी सुटली आहे. मशीन खरोखर बदलण्याजोगे असण्याची ही मोजकी वेळ.

मीटर लावायचा कंटाळा असेल तर हेच काम एलईडी करतो. टॉर्टॉइजची सगळ्यात गोड सोय ही आहे की पॅनेलवरचा लाल-हिरवा एलईडी मोटरच्याच तारेत, मालिकेत, रेझिस्टरशिवाय लावता येतो. दोन एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडायचे आणि ती जोडी मोटरच्या एका तारेत घालायची. मोटर स्वतःच प्रवाह १६ मिलिअँपियरपर्यंत रोखते, साध्या एलईडीची कमाल मर्यादा २०. एका दिशेला लाल पेटतो, उलट दिशेला हिरवा. आणि मोटर फिरत असताना एलईडी मंद असतो, मशीन शेवटाला पोचले की उजळतो. स्विच फिरवल्याबरोबर लख्ख पेटला, तर सांधा हललाच नाही असे समजा. साध्या लाल-हिरव्या एलईडीत हा फरक ठळक दिसतो, हाय-ब्राइट जातीत फारसा जाणवत नाही. म्हणून इथे स्वस्तातला जुना एलईडीच घ्यावा.

पण हीच सोय पहिल्या तक्रारीचे मूळ आहे. जोडीतला हिरवा एलईडी आतून तुटला, की हिरव्याच्या दिशेने वीज जायला वाट उरत नाही. लाल तर त्या दिशेला वीज जाऊ देतच नाही. मशीन लालच्या बाजूला जाते आणि तिथेच बसते. माणूस मशीन सोडवायला बोर्डाखाली आडवा होतो. त्याआधी एक करावे: एलईडी जोडीच्या दोन टोकांना क्लिपची तार लावून ती जोडी वगळावी. मशीन दोन्हीकडे धावू लागले, तर गुन्हेगार सापडला. याउलट एलईडी शॉर्ट झाला, तर मशीन छान चालते, फक्त दोन्हीपैकी एकही दिवा पेटत नाही.

याच जागी आणखी एक चूक सर्रास दिसते. एलईडी म्हणजे रेझिस्टर हवाच, या सवयीने कोणी १ किलोओहमचा रेझिस्टर घालतो. ओहमच्या नियमाने हिशेब करू. १२ व्होल्टला १६ मिलिअँपियर म्हणजे अडलेली मोटर सुमारे ७५० ओहमची. एलईडीने २ व्होल्ट खाल्ले, उरले १०. ते १,७५० ओहमवर वाटले गेले की मोटरच्या वाट्याला ४.३ व्होल्ट येतात. मशीन चालते खरे, पण जिभा रुळाला टेकवण्याइतका जोर राहत नाही, आणि डब्याचे चाक जिभेच्या टोकावर चढते. पॅनेलवर एक जोडी आणि सिग्नलच्या खांबावर दुसरी अशा दोन जोड्या चालतात, मोटरला ८ व्होल्ट उरतात. तिसरी जोडी घालू नये. पांढरे आणि निळे एलईडी तीन व्होल्टच्या वर खातात, त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा.

आता वीजपुरवठा. टॉर्टॉइजला कमाल १२ व्होल्ट डीसी. बाजारातला जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला ‘१२ व्होल्ट’ अडॅप्टर हलक्या भारावर १५-१६ व्होल्ट देतो, आणि टॉर्टॉइजचा भार नेहमीच हलका असतो. मीटर लावून पाहिल्याशिवाय असा अडॅप्टर जोडू नये. अमेरिकेहून नातेवाइकांनी मशीनबरोबर पाठवलेला अडॅप्टर १२० व्होल्टचा असू शकतो. त्यावर १००-२४० असे छापलेले नसेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो खोचूच नये. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट, १ अँपियरचा एसएमपीएस (भार हलका असला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा) अडॅप्टर या कामाला उत्तम. वीस मशीन म्हणजे ३२० मिलिअँपियर, तिसरा हिस्सासुद्धा धड भरत नाही. तारही जाड लागत नाही, मोटरला टेलिफोनच्या जोडतारेइतकी पुरते.

दिशा बदलण्यासाठी बहुतेक जण सहा पायांचा डीपीडीटी (दुहेरी बदल-स्विच) टॉगल लावतात, बाहेरच्या चार पायांवर तिरक्या तारा. दुसरी पद्धत दोन अडॅप्टरची: एकाचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस जोडून तो कॉमन, म्हणजे उरलेल्या दोन टोकांना +१२ आणि −१२ मिळतात आणि तीन पायांचा साधा स्विच पुरतो. दुसऱ्या पद्धतीत बिघाड वाचायला फार सोपा. एकच मशीन एका बाजूला अडले तर एलईडी किंवा स्विच पाहा. लेआउटवरची सगळीच मशीन एका बाजूला जाऊन बसली तर एक अडॅप्टर गेला आहे.

मशीनवर पट्टीच्या काठाला आठ टर्मिनल आहेत. १ आणि ८ मोटरची. ४ हा एका बदल-संपर्काचा मधला पाय, त्याच्या दोन बाजू २ आणि ३. ५ हा दुसऱ्याचा मधला, त्याच्या बाजू ६ आणि ७. या संपर्कांचा मोटरशी आतून काही संबंध नाही, त्यामुळे एक संच फ्रॉगला, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला, सांध्याच्या दिशेप्रमाणे वीज द्यायला आणि दुसरा सिग्नलला वापरता येतो.

काठावर थेट सोल्डर करायचे असेल तर २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, प्रत्येक पट्टीवर दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. पट्टी उचकटली की तिचे काही करता येत नाही. सोल्डर करताना मशीन असे धरावे की टर्मिनलचा काठ खाली येईल. काठ वर असेल तर फ्लक्स ओघळून आतल्या सरकत्या संपर्कांपर्यंत जातो आणि मग फ्रॉग कधी जिवंत, कधी मेलेला. हा बिघाड आठवडाभर दिसत नाही आणि मग दोष मशीनवर येतो. मशीन काढून घालायचे असेल तर ३.९६ मिमी अंतराचा एज-कनेक्टर (काठावर सरकवून बसणारा जोड) लावावा, पण तो सैल बसला की तोच नवा बिघाड.

संपर्क तपासायचे ते सगळ्या तारा काढून. मीटर बीपवर ठेवून ४ आणि २: एका बाजूला वाजले पाहिजे, दुसऱ्या बाजूला नाही. ४ आणि ३: उलट. मधल्या प्रवासात क्षणभर दोन्ही गप्प. नुसत्या बीपवर समाधान मानू नये, ओहममध्ये आकडा बघावा. एक ओहमच्या आत हवा. पाच-दहा दाखवत नाचत असेल, तर संपर्कावर काळेपणा आलेला आहे. या मशीनवर टीका करायची तर इथेच. संपर्कांची क्षमता १ अँपियर आहे, आणि डीसीसीचा (रुळांतूनच डिजिटल आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीचा) बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारी पेटी, सहज ५ अँपियर सोडतो. इंजिन उलट लावलेल्या सांध्यावर चढले की बूस्टरने वीज तोडेपर्यंत तो सगळा प्रवाह या नाजूक पत्र्यांतून जातो. चार-सहा वेळा असे झाले की फ्रॉगवर इंजिन अडखळू लागते.

यावर स्वस्त उपाय मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो: मागच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब. तो टर्मिनल ४ आणि फ्रॉग यांच्यामध्ये मालिकेत जोडायचा. इंजिन नेहमीसारखे चालत असेल तेव्हा बल्बची थंड तार जवळजवळ आडवी येत नाही. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपियरच्या आसपास रोखतो. संपर्काच्या मर्यादेपेक्षा हेही जास्तच, पण पाच अँपियरच्या तुलनेत त्याला जीवदान आहे. शिवाय पेटलेला बल्ब कोणता सांधा चुकीचा लागला आहे तेही दाखवतो. बल्ब कडक तापतो, त्यामुळे लाकडापासून दोन बोटे दूर, होल्डरमध्येच लावावा. पैसे घालायची तयारी असेल तर टॅम व्हॅलीचा फ्रॉग ज्यूसर हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतो आणि टॉर्टॉइजचे संपर्क मोकळे सोडता येतात, पण तो फक्त डीसीसीवर चालतो.

इंजिन फ्रॉगवर पोचल्याबरोबर दरवेळी शॉर्ट होत असेल, तर २ आणि ३ च्या तारा आपसात बदला. १ आणि ८ बदलून काही होणार नाही. त्याने फक्त पॅनेलवरची कळ उलटी होते. जिभा आणि संपर्क एकाच दांड्याने हलतात, त्यांचे आपसातले नाते मोटरची दिशा बदलून तसेच राहते. या जागी अर्धा दिवस वाया घालवणारे बरेच आहेत.

याहून चकवणारा प्रकार वेगळा. रुळावर इंजिन नाही, तरी सांधा बदलताना मध्यावर बूस्टर टिक करून बंद होतो. मीटर सगळे बरोबर दाखवतो. हा विजेचा बिघाड दिसतो, पण मूळ सुतारकामात आहे. आतला संपर्क प्रवासाच्या मध्यावर बदलतो. मशीन थ्रो-बारच्या बरोबर खाली न बसता दोन मिलिमीटर बाजूला बसले असेल, तर संपर्क बदलला तरी जीभ जुन्या रुळाला चिकटलेलीच असते. पेकोच्या इलेक्ट्रोफ्रॉगसारख्या सांध्यात जीभ आणि फ्रॉग विजेने जोडलेले असतात, म्हणून तेवढ्या क्षणापुरता शॉर्ट. उपाय: स्क्रू सैल करून मशीन त्या दोन मिलिमीटरने सरकवणे. किंवा जिभांना शेजारच्या रुळाशी जोडून फ्रॉगपासून तोडणे, हा जास्त पक्का मार्ग.

मशीन मध्यावर बसवायची युक्ती: बसवण्यापूर्वी १ आणि ८ ला ९ व्होल्टची बॅटरी लावायची, दांडा बरोबर मधे आला की काढायची. चाकांच्या साखळीमुळे तो तिथेच थांबतो. सांध्याच्या जिभाही मध्यावर काडीने अडकवायच्या, मशीन आधी दुहेरी चिकटपट्टीने लावून पाहायचे, दोन्हीकडे सारखे जाते याची खात्री झाल्यावरच चार स्क्रू कसायचे. स्क्रू बोर्डाच्या जाडीपेक्षा आखूड. थ्रो-बारखाली १० मिमीचे भोक. बोर्डाखाली उभी नऊ सेंटीमीटर जागा लागते, आणि ज्यांचा लेआउट घडी करून दिवाणाखाली सरकतो त्यांनी एवढ्यावरच हे मशीन बाद करायला हरकत नाही.

पेकोच्या सांध्यात एक इवलीशी स्प्रिंग असते, जिभा खटकन एका बाजूला बसवणारी. टॉर्टॉइज लावताना ती काढावी. ठेवली तर मशीन हळू सरकते, स्प्रिंग अर्ध्यावर उडी मारते, आणि आपण तीन सेकंदांच्या संथ चालीचे पैसे उगाच दिलेले असतात.

सोबत येणारी तार ०.६४ मिमीची आहे आणि कंपनीने इथे काटकसर केली आहे. पातळ प्लायवूडला ती पुरते. वर कॉर्क, मधे फोम असा २५ मिमीच्या पुढचा थर झाला की ती वाकते, दांडा पूर्ण जातो आणि जीभ रुळापासून केसभर लांब राहते. दात कोरण्याच्या काडीने जीभ हळूच ढकलून पाहावी. सहज सुटली तर तार बदला, ०.८ मिमीची पियानो तार घाला. प्रवास कमी-जास्त करायला मशीनवर सरकता टेकू आहे. टेकू खाली नेला की तारेच्या वरच्या टोकाचा झोका वाढतो, वर नेला की कमी होतो.

डीसीसीच्या डिकोडरवरून, म्हणजे रुळांतली आज्ञा वाचून मशीन हलवणाऱ्या पेटीवरून, चालवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. एनसीईचा स्विच-८ याच जातीच्या मशीनसाठी आहे, आठ मशीन थेट चालवतो, त्यात फारसे काही बिघडवता येत नाही. डिजिट्रॅक्सचा डीएस६४ मात्र कॉइल आणि मोटर दोन्ही जाती चालवतो आणि पेटीतून येतो तो कॉइलच्या सेटिंगवर. त्यावर टॉर्टॉइज लावला की क्षणभर वीज मिळते, दांडा जरासा हलतो आणि थांबतो. पुन्हा दाबले की पुन्हा जरासा. त्यातले ऑप्स्विच १ हे सेटिंग ‘क्लोज्ड’ केले की आउटपुट सतत राहते. उलट चूक महागात पडते. सततच्या सेटिंगवर कॉइलची मोटर जोडली तर ती जळते.

खडी चिकटवल्यानंतर अडलेला सांधा हा वेगळा वर्ग नाही, तरी सांगावा लागतो. पातळ केलेला फेव्हिकॉल थ्रो-बारखाली झिरपतो आणि रात्रीत घट्ट होतो. मीटरवर लगेच १६ मिलिअँपियर दिसतात. कोमट पाण्याचे थेंब सोडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि काडीने मोकळे करावे; मशीन चालू करून जोराने सोडवायला जाऊ नये, वाकते ती तार. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हेच लक्षण गोंद नसताना दिसते. तिथे प्लायवूड फुगलेले असते आणि मशीनचे मध्यबिंदू सरकलेले असतात. दसऱ्यानंतर लाकूड सुकल्यावर स्क्रू पुन्हा एकदा जुळवावे लागतात.

पर्यायांत पेकोची पीएल-१० ही कॉइलची मोटर स्वस्त, लहान, सांध्याखाली थेट अडकणारी. पण ती क्षणभर तीन-चार अँपियर ओढते, कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (वीज साठवून एका झटक्यात सोडणारे) नसेल तर अर्धवट सरकते, आणि बटण अडकून राहिले की कॉइल जळते. एसजी९० सर्व्हो सगळ्यात स्वस्त, मात्र त्याला अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) लागतो आणि वीज येताक्षणी तो थरथरतो. मुख्य मार्गावरच्या, डोळ्यांसमोरच्या सांध्यांना टॉर्टॉइज घ्यावे. मागच्या साइडिंगमध्ये, जिथे कोणाचे लक्ष नसते, तिथे पीएल-१० आणि एक डिस्चार्ज युनिट पुरते. टॉर्टॉइज मागवाल तेव्हा त्याच पार्सलमध्ये ०.८ मिमीची तार घ्या, आणि घरात साधे एलईडी दहा-बारा जास्तीचे ठेवा.